तिकडे घटस्फोट झाला, मग इथे लग्न शिल्लक कसं?

प्लास्टिकच्या फाईलमध्ये तिने तो कागद जपून ठेवला होता. वर न्यू जर्सीतल्या कोर्टाचं नाव, खाली न्यायाधीशांची सही आणि कोपऱ्यात उठावाचा शिक्का, बोट फिरवलं तर हाताला लागेल असा. माझ्या बहिणीची ही मुलगी अकरा वर्षं तिकडे राहून परत आली. पहिलं लग्न मोडलं होतं आणि आता पुण्यात एका चांगल्या माणसासोबत पुन्हा संसार मांडायला निघाली होती. लग्नाच्या नोंदणीची चौकशी करायला मीही सोबत गेले. खिडकीमागच्या बाईंनी कागद दोनदा चाळला आणि सौम्यपणे विचारलं, "ताई, हा तिकडचा झाला. इथल्या कोर्टाचं काही आहे का?"

बाहेर पायरीवर बसल्यावर ती म्हणाली, "मावशी, मग मी आत्ता नक्की कोण? लग्न झालेली की लग्न मोडलेली?"

त्या प्रश्नाने मला झोप लागू दिली नाही. पुढचे दोन महिने निकालपत्रं वाचण्यात आणि वकिलांना भंडावून सोडण्यात गेले. ज्या घरातलं कुणी अमेरिका, इंग्लंड, ऑस्ट्रेलिया किंवा आखातात आहे, त्या घरावर हा प्रश्न कधीही येऊ शकतो. त्याचं उत्तर 'हो' किंवा 'नाही' असं एका शब्दात मिळत नाही. ते का मिळत नाही, हे मला जेवढं समजलं तेवढं इथे मांडते.

## खरेदीखत झालं, फेरफार बाकी

कोर्टाने खटल्याचा निवाडा करून काढलेल्या अधिकृत आदेशाला हुकूमनामा म्हणतात. लेखात पुढे हा शब्द वारंवार येईल.

जमिनीच्या व्यवहाराचं उदाहरण घ्या. खरेदीखत झालं, दुय्यम निबंधकाकडे नोंदलं गेलं, पैसे दिले-घेतले. तरी सातबाऱ्यावर जुन्या मालकाचंच नाव असतं. फेरफार मंजूर होईपर्यंत ते हलत नाही. त्यासाठी नोटीस निघते, कुणाची हरकत असली तर ती ऐकून घेतली जाते. खरेदीखत खोटं नसतं, पण गावच्या दप्तराला अजून ते कळलेलं नसतं.

परदेशी हुकूमनाम्याचं बरंचसं असंच आहे. न्यू जर्सीच्या न्यायाधीशांनी केलेला घटस्फोट न्यू जर्सीत शंभर टक्के खरा. पण कुठल्याही देशाच्या कोर्टाचा अधिकार त्या देशाच्या हद्दीपर्यंतच चालतो. हद्दीपलीकडे तो मानायचा की नाही, हे पलीकडच्या देशाचा कायदा ठरवतो.

जमिनीच्या उदाहरणाशी एक फरक मात्र आहे. जमिनीला तलाठी आहे, परदेशी घटस्फोटाला असं ठरलेलं कार्यालय नाही. कायद्याच्या कसोट्यांना हुकूमनामा उतरत असेल तर तो इथेही बंधनकारक असतो, त्यासाठी वेगळी नोंद सक्तीची नाही. पण तो कसोटीला उतरतो की नाही हे नोंदणी कार्यालयातल्या बाई ठरवू शकत नाहीत, पासपोर्ट कार्यालय किंवा बँकही ठरवू शकत नाही. कुणी शंका घेतली, की पाऊल कोर्टाकडेच वळतं.

## कलम १३ च्या सहा चाळण्या

या कसोट्या १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम १३ मध्ये आहेत. कलमाचा सूर परदेशी कोर्टांच्या विरोधातला नाही. परदेशी कोर्टाने त्याच दोन पक्षांमधला वाद निकाली काढला असेल तर तो अखेरचा मानावा, असंच ते सुरुवातीला म्हणतं. मग सहा अपवाद सांगतं.

त्या कोर्टाला हा वाद चालवण्याचा अधिकारच नव्हता, ही पहिली चाळणी. निकाल वादाच्या गुणदोषांत न शिरता दिला, ही दुसरी. जिथे भारतीय कायदा लागू होता तिथे तो मानायला नकार दिला किंवा आंतरराष्ट्रीय कायद्याचा अर्थ चुकीचा लावला, ही तिसरी. समोरच्याला बाजू मांडायची खरी संधी मिळाली नाही, ही चौथी. निकाल फसवणुकीने मिळवला, ही पाचवी. आणि भारतात लागू असलेला कायदा मोडणारी मागणी मान्य केली, ही सहावी. यातल्या एकाही चाळणीत हुकूमनामा अडकला तर भारतात त्याचा आधार घेता येत नाही.

हे कलम लग्नाचा विचार करून लिहिलेलंच नाही. सुताच्या गाठींचे पैसे बुडवणाऱ्या व्यापाऱ्यालाही तेच लागू होतं आणि मोडलेल्या संसारालाही तेच. व्यापारातला निकाल पैशांबद्दल असतो, घटस्फोटाचा निकाल माणूस कोण आहे याबद्दल. या कलमाचा लग्नासाठी अर्थ लावण्याचं काम त्यामुळे सर्वोच्च न्यायालयाला करावं लागलं.

## 'तुमचं गाव कुठलं?'

पुढे जाण्याआधी अधिवास हा एक शब्द समजून घ्यायला हवा.

लालबागच्या चाळीत चाळीस वर्षं काढलेल्या माणसाला "तुमचं गाव कुठलं?" असं विचारलं तर तो लालबाग म्हणत नाही, संगमेश्वर किंवा मालवण म्हणतो. राहणं मुंबईत, पण मुळं गावात आणि म्हातारपणी परत जायचं तिथेच. राहण्याची जागा आणि कायमचं घर यांतला हा फरक आपल्याला उपजत कळतो. अधिवास म्हणजे कायद्याने मानलेलं असं 'गाव': जिथे माणूस कायमचा राहणार, असा त्याचा इरादा आहे तो प्रदेश. जन्मासोबत मिळालेला अधिवास सहजासहजी सुटत नाही. तो बदलायचा तर नव्या देशात नुसतं राहून भागत नाही, तिथेच कायमचं राहायचं ठरवलंय हे वागण्यातून दिसावं लागतं. व्हिसावर तीन वर्षं नोकरी केली म्हणून कुणाचं 'गाव' टेक्सास होत नाही.

## सहा आठवडे नेवाडात, नव्वद दिवस मिझुरीत

'सत्या विरुद्ध तेजा सिंग' हा खटला या विषयाचा पाया आहे. लग्न १९५५ मध्ये जालंधरला झालं. नवरा वनखात्यात होता. १९५९ मध्ये उच्च शिक्षणासाठी अमेरिकेला गेला. बायको दोन मुलांना घेऊन इथेच राहिली. तो शिकला युटा राज्यात, नोकरीही तिथेच लागली, पण घटस्फोट घेतला नेवाडा राज्यात, डिसेंबर १९६४ मध्ये. नेवाडात तेव्हा सहा आठवडे राहिलं की घटस्फोटाचा अर्ज करता येत असे, आणि तेवढ्यासाठी देशभरातून लोक तिथे जात. इकडे बायकोने पोटगी मागितली तेव्हा त्याने उत्तर दिलं, ही आता माझी बायकोच नाही.

सर्वोच्च न्यायालयाचा निकाल १९७४ च्या ऑक्टोबरमध्ये आला. तो लिहिला होता पुण्यात जन्मलेल्या न्या. यशवंतराव चंद्रचूड यांनी. नेवाडात कायमचं राहण्याचा या माणसाचा कधीच इरादा नव्हता, अधिवासाबद्दल तो तिथल्या कोर्टाशी खोटं बोलला, म्हणून हा हुकूमनामा फसवणुकीचा आणि भारतात निरुपयोगी, असं त्यांनी ठरवलं. बाईंची पोटगी शाबूत राहिली.

दुसरा खटला आजही रोज उद्धृत होतो. तो १९९१ चा, 'नरसिंह राव' नावाने ओळखला जाणारा. लग्न १९७५ मध्ये तिरुपतीला, हिंदू पद्धतीने. नवऱ्याने मिझुरी राज्यात नव्वद दिवसांच्या रहिवासाच्या जोरावर घटस्फोट मिळवला. कारण काय, तर लग्न आता सांधता येण्यापलीकडे तुटलंय. बायकोने भारतातून निषेध नोंदवत उत्तर पाठवलं होतं, पण ती तिथे जाऊ शकली नाही. पुढे नवऱ्याने दुसरं लग्न केलं आणि तिने इथे द्विविवाहाची फिर्याद केली. नवऱ्याने पुरावा म्हणून मिझुरीच्या हुकूमनाम्याची झेरॉक्स दाखवली होती. ती प्रमाणित नसल्यामुळे पुरावा म्हणूनही टिकली नाही.

न्या. पी. बी. सावंत यांनी त्या निकालात लग्नांसाठी कलम १३ चा अर्थ सविस्तर लावला. नियम असा: ज्या कायद्याखाली लग्न झालं, त्याच कायद्याप्रमाणे कोर्टाला अधिकार हवा आणि त्याच कायद्यातल्या कारणावर घटस्फोट दिलेला हवा. लग्न हिंदू विवाह कायद्याखाली झालं असेल तर क्रूरता, परित्याग, व्यभिचार, परस्पर संमती ही कारणं चालतील. 'आमचं पटत नाही' हे कारण त्या कायद्यात नाही. २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने तुटून गेलेलं लग्न या कारणावरही घटस्फोट देता येतो असं सांगितलं, पण तो अधिकार राज्यघटनेच्या अनुच्छेद १४२ खाली एकट्या सर्वोच्च न्यायालयाचा आहे.

नैसर्गिक न्यायाबद्दल, म्हणजे समोरच्याला बाजू मांडायची खरी संधी देण्याबद्दल, त्या निकालात जे लिहिलंय ते मी दोनदा वाचलं. नोटीस पोहोचली म्हणजे संधी मिळाली, असं होत नाही. समोरच्या व्यक्तीला तिथे जाऊन लढणं परवडतं का हे कोर्टाने पाहायला हवं, आणि परवडत नसेल तर अर्जदाराला तिचा प्रवास, राहणं आणि वकील यांचा खर्च द्यायला लावायला हवा. इचलकरंजीतल्या घरी शिकागोच्या कोर्टाचं पाकीट येतं. तिच्याजवळ व्हिसा नाही, डॉलर नाहीत, तिकडे ओळखीचं कुणी नाही. तिला 'तुम्हाला कळवलं होतं' असं म्हणून भागत नाही. पस्तीसेक वर्षांपूर्वी आपल्या कोर्टाने हे लिहून ठेवलंय याचा मला मनापासून आधार वाटतो.

## मग परदेशातला घटस्फोट कधीच चालत नाही का?

चालतो. त्याच निकालात तीन वाटा मोकळ्या ठेवल्या आहेत.

पहिली वाट: ज्याच्याविरुद्ध अर्ज केला तो स्वतःच त्या देशात कायमचा राहतो, आणि घटस्फोटाचं कारण इथल्या कायद्यातही आहे. दुसरी: समोरचा माणूस स्वखुशीने त्या कोर्टात हजर झाला, त्याचा अधिकार मानून खरोखर लढला, आणि कारण इथल्या कायद्यातलं आहे. तिसरी: समोरच्याने घटस्फोटाला संमती दिली.

प्रत्यक्षात सगळ्यात जास्त उपयोगाची तिसरी वाट. पहिल्या दोन्हींमध्ये कारणाची अट आहे आणि तिथेच आजकाल गाडी अडते. इंग्लंड आणि वेल्समध्ये ६ एप्रिल २०२२ पासून कुणाचाही दोष न दाखवता घटस्फोट मिळतो. लग्न मोडलंय एवढं निवेदन पुरतं, आणि मोडलेलं नाही असं म्हणून समोरच्याला वाद घालता येत नाही. आता लंडनमध्ये राहणाऱ्या मराठी जोडप्याचा विचार करा. कारण हिंदू विवाह कायद्यातलं नाही, म्हणजे पहिली वाट अडली. लढायला जागाच नाही, म्हणून दुसरीही अडली. उरते ती संमती. त्याच नव्या कायद्याने तिथे दोघांना मिळून एकत्र अर्ज करायची सोय दिली आहे. दोघांचं खरंच ठरलं असेल तर एकट्याने अर्ज करण्यापेक्षा तो एकत्र अर्ज भारतात कितीतरी सुरक्षित, असं माझं मत झालंय.

त्याहून सोपा रस्ताही आहे. संमती आहेच, तर भारतातच परस्पर संमतीने घटस्फोट घ्या. वर्षभर वेगळं राहिलेलं असणं ही अट आहे, आणि अर्जानंतर एरवी सहा महिने थांबावं लागतं. हे सहा महिने योग्य प्रकरणात माफ करता येतात, शिवाय व्हिडिओ कॉन्फरन्सने हजेरी लावता येते, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये सांगितलं. इथला हुकूमनामा इथे कुणी नाकारत नाही आणि बहुतेक देशांतही चालतो.

## 'पण आम्ही दोघंही आता तिकडचेच झालोय'

हा आक्षेप मला सगळ्यात रास्त वाटतो. सतरा वर्षं टोरोंटोत काढली, घर तिथे, मुलं तिथली; त्यांच्या संसाराला तिरुपतीच्या लग्नाचे निकष लावायचे का?

दोघांचाही अधिवास खरोखर बदलला असेल तर चित्र पालटतं, कारण हिंदू विवाह कायदा परदेशात राहणाऱ्यांना लागू होतो तो त्यांचा अधिवास भारतात असेल तर. मात्र हे सिद्ध करावं लागतं. २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे आलेलं एक प्रकरण मुंबईतलं होतं. बायकोने वांद्र्याच्या कौटुंबिक न्यायालयात न्यायिक विभक्ततेचा, म्हणजे घटस्फोट न घेता कोर्टाच्या आदेशाने वेगळं राहण्याचा, अर्ज केला होता. जोडपं स्वीडनमध्ये राहिलेलं, तिथलं नागरिकत्व घेतलेलं, नंतर ऑस्ट्रेलियात गेलेलं. नवरा म्हणाला, माझा अधिवास ऑस्ट्रेलियाचा, तुमचा कायदा मला लागूच नाही. न्यायालयाने त्याचा व्हिसा पाहिला, येणं-जाणं पाहिलं आणि सांगितलं की तिथे कायमचं राहण्याचा इरादा तू सिद्ध केलेला नाहीस. त्याला हिंदू विवाह कायदाच लागू झाला.

आणि दोघांपैकी एकच तिकडचा झाला असेल, दुसरी व्यक्ती साताऱ्यात सासू-सासऱ्यांकडे असेल, तर हा आक्षेप टिकत नाही.

## 'मी फक्त उत्तर पाठवलं. मग मी मान्यता दिली का?'

कागदपत्रांचं पाकीट आलं की घरात दोन टोकाच्या प्रतिक्रिया येतात. कुणी म्हणतं, फेकून द्या, ते कोर्ट आपलं काय वाकडं करणार. कुणी घाबरून इंटरनेटवरून नमुना काढतं आणि मुद्द्यांना मुद्दे असं उत्तर लिहून पाठवतं. दोन्ही महागात पडतात. गप्प बसलात तर एकतर्फी निकाल होतो. त्याला इथे आव्हान देता येतं खरं, पण तो रद्द समजून निर्धास्त राहणं वेगळं आणि कोर्टाकडून तसं ठरवून घेणं वेगळं. मुद्देसूद लढलात तर दुसरी वाट तुम्हीच उघडून दिली, असा युक्तिवाद पुढे होऊ शकतो. 'या कोर्टाचा अधिकार मला मान्य नाही' हे निषेधासह कसं नोंदवायचं, ते वकिलाच्या सल्ल्यानेच करावं.

पाकीट कसं आलं तेही पाहा, आणि लिफाफा जपून ठेवा. परदेशी समन्स बजावण्याबाबतच्या हेग कराराचा भारत २००७ पासून भागीदार आहे. त्याप्रमाणे समन्स केंद्रीय विधी मंत्रालयामार्फत यायला हवं. थेट टपालाने बजावणी करायला भारताने हरकत घेतलेली आहे. नवऱ्याने स्वतः कुरिअरने किंवा व्हॉट्सअ‍ॅपवर धाडलेलं समन्स म्हणूनच पुढे वादाचा मोठा मुद्दा ठरतं.

इथे राहणाऱ्या बायकोला स्वतःच्या गावी खटला घालता येतो. २००३ पासून हिंदू विवाह कायद्याच्या कलम १९ मध्ये तशी तरतूद आहे. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून स्त्रियांना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. ही गोष्ट माहीत नसलेल्या किती तरी शिकलेल्या बायका मला भेटल्या. अनिवासी भारतीयांशी झालेल्या लग्नांच्या तक्रारींसाठी राष्ट्रीय महिला आयोगात वेगळा कक्षही आहे.

## एकीकडे सुटलेलं, दुसरीकडे बांधलेलं

हुकूमनामा चाळणीत अडकला तर काय होतं? माणूस एका देशात घटस्फोटित आणि दुसऱ्या देशात विवाहित असतो. वकील याला लंगडं लग्न म्हणतात. त्याचे चटके फार खरे असतात. भारतात दुसरं लग्न केलं तर ते टिकत नाही, आणि भारतीय न्याय संहितेच्या कलम ८२ खाली द्विविवाहाला सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. हे स्त्री-पुरुष दोघांनाही लागू. माणूस गेला तर पहिली बायको वारस म्हणून उभी राहते आणि दुसरीची मुलं कोर्टाच्या पायऱ्या चढतात.

नुसत्या विभक्ततेचंही बघून घेऊ. अमेरिकेच्या बऱ्याच राज्यांत आणि इंग्लंडमध्ये घटस्फोट न घेता कोर्टाच्या आदेशाने वेगळं राहता येतं. आपल्याकडे याला न्यायिक विभक्तता म्हणतात. लग्न कायम राहतं, एकत्र नांदण्याची सक्ती सुटते. तिकडच्या अशा आदेशालाही त्याच सहा चाळण्या, आणि तो मान्य झाला तरी पुन्हा लग्न करायची मोकळीक मिळत नाही. स्टॅम्प पेपरवर नोटरीसमोर लिहिलेली काडीमोड तर त्याहून कच्ची. समाजात तशी रूढी आहे हे सिद्ध झालं तरच ती इथे चालते. परदेशी व्हिसा अधिकाऱ्यापुढे ती ठेवली तर तो कोर्टाचा कागद मागणार.

## फ्लॅट, पैसे आणि मुलं

घटस्फोट मान्य झाला म्हणून त्यासोबतचं सगळं मान्य होतं असं नाही. बाणेरच्या फ्लॅटची मालकी कुणाची, हे कॅलिफोर्नियाचं कोर्ट ठरवू शकत नाही. स्थावर मालमत्ता जिथे, अधिकार तिथल्या कोर्टाचा. पैशांच्या हुकूमनाम्याचं देशावर अवलंबून आहे. इंग्लंड, सिंगापूर आणि २०२० पासून संयुक्त अरब अमिरातीच्या वरिष्ठ कोर्टांचे पैशांचे हुकूमनामे दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ४४अ खाली इथल्या जिल्हा न्यायालयातून थेट वसूल करता येतात. अमेरिका त्या यादीत नाही, तिथल्या निकालावर इथे नवा दावा करावा लागतो.

मुलांच्या ताब्याबाबत आपली कोर्टं परदेशी आदेश विचारात घेतात, पण शेवटचा शब्द मुलाच्या हिताचा. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे पुन्हा ठासून सांगितलं. एका देशातून दुसऱ्या देशात नेलेल्या मुलांबाबतच्या १९८० च्या हेग करारात भारत सामील नाही.

## गोव्याचं वेगळंच

गोव्यात पोर्तुगीज काळापासूनचा नागरी कायदा सगळ्या धर्मांना लागू आहे, आणि लग्न हे मुळात नोंदवहीतली नोंद आहे. इंग्लंडमधल्या स्विंडन शहरात राहणाऱ्या गोवेकर जोडप्याचा घटस्फोट तिथल्या कोर्टात झाला, तरी म्हापशाच्या नोंदवहीत ते विवाहितच. अशा परदेशी निकालांची तपासणी करून ते कायम करावेत, असे अर्ज मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठापुढे वर्षानुवर्षं होत आले आहेत. तो आदेश दाखवला की नोंदवहीच्या समासात शेरा मारला जातो. महाराष्ट्रात नसलेला फेरफार गोव्यात या रूपाने सापडतो.

## पन्नास वर्षं पडून असलेला प्रश्न

जगाने यावर तोडगा काढलेला आहे. परदेशी घटस्फोट आणि विभक्तता यांच्या मान्यतेचा हेग करार १ जून १९७० चा. समोरचा जोडीदार ज्या देशात नेहमी राहतो किंवा दोघं ज्या देशाचे नागरिक आहेत, अशा देशाचा घटस्फोट मानायचा. अर्जदार तिथला नेहमीचा रहिवासी असून वर्षभर राहिलेला असेल तरी चालतं. समोरच्याला नीट सूचना मिळाली नसेल तर नाकारायची मुभा. आपल्या कायद्याशी मोठा फरक त्या कराराच्या सहाव्या कलमात आहे: 'आमच्या कायद्यात हे कारण नाही' एवढ्यावरून मान्यता नाकारता येत नाही. भारत त्या करारात नाही.

न्या. चंद्रचूड यांनी आपल्या निकालातच या कराराकडे बोट दाखवून संसदेला कायदा करायला सुचवलं होतं. विधी आयोगाने १९७६ मध्ये आपला ६५वा अहवाल खास याच विषयावर दिला. १९९४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा सुचवलं की भारतात झालेलं अनिवासी भारतीयाचं लग्न परदेशी कोर्टाने रद्द करू नये असा कायदा व्हावा. २००९ चा २१९वा अहवाल, २०१९ चं लग्ननोंदणी विधेयक, २०२४ चा २८७वा अहवाल. परदेशी घटस्फोटाच्या मान्यतेचा स्वतंत्र कायदा अजून नाही.

हेगचा करार जसाच्या तसा उचलावा, असं मला वाटत नाही. वर्षभराचा रहिवास आणि एक नोटीस एवढ्यावर लग्न मोडू दिलं, तर गावात मागे राहिलेल्या मुलीच्या हातात काहीच उरत नाही. पण दोघंही परदेशात स्थायिक असलेल्या, दोघांनी वकील देऊन सोडवलेल्या संसाराला तीच चाळणी लावणं हाही अन्याय आहे. या दोन जोडप्यांसाठी कायद्यात दोन वेगळी कलमं हवीत, आणि हे काम कोर्टांचं नाही, संसदेचं आहे.

## भाचीच्या फाईलमध्ये नसलेला कागद

वकीलबाईंनी आम्हाला सांगितलं की कौटुंबिक न्यायालयाकडून वैवाहिक दर्जाची घोषणा मागता येते. १९८४ च्या कौटुंबिक न्यायालय कायद्यात तशी सोय आहे. परदेशी हुकूमनामा मान्य आहे आणि ही व्यक्ती आता विवाहित नाही, एवढंच कोर्टाने जाहीर करायचं. प्रमाणित प्रत तिकडून अपोस्टिल करून, म्हणजे आंतरराष्ट्रीय साक्षांकनाचा शिक्का घेऊन मागवायची. पूर्वीच्या नवऱ्याचं ना-हरकत प्रतिज्ञापत्र मिळालं तर उत्तम.

भाचीने शिक्क्याचा कागद पुढे केला. वकीलबाईंनी तो वाचला, 'जुळवता न येणारे मतभेद' हे कारण असलेल्या ओळीखाली पेन्सिलने रेघ मारली आणि कागद बाजूला ठेवला. "हे कारण आपल्याकडे नाही. तुम्ही दोघांनी मिळून कशावर सही केली होती का?"

केली होती. तो करारनामा घरी जुन्या सुटकेसमध्ये होता, इन्कम टॅक्सच्या कागदांखाली. बावीस पानं, प्रत्येक पानाच्या तळाशी दोघांची आद्याक्षरं, आणि दुसऱ्याच पानावर एक वाक्य: हा विवाह संपुष्टात यावा यास उभय पक्षांची संमती आहे.

"हे आधी का नाही आणलंत?"

"मला वाटलं," भाची म्हणाली, "ते फक्त पैशांचं आहे."